आत्याचा खर्ज आणि रात्रीचा मास्क

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ज्या मराठी घरांत गाणं टिकून आहे, तिथे दिवस खर्जाने सुरू होतो. पहाटे तंबोरा जुळवायचा, आवाज मंद्र सप्तकात उतरवायचा आणि तिथल्या षड्जावर जमेल तितकं थांबायचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून विद्या घेऊन इथली गायकी महाराष्ट्रात आणली. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. श्वास कसा घ्यावा, कुठे धरावा, कुठे सोडावा याबद्दल या गावातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची स्वतःची समज आहे.

अशा घरातल्या साठी ओलांडलेल्या गायिकेला झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, निघाला तर काय होतं? रात्री घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि पडजीभ मागे पडून हवेची वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू धडपडून जागा होतो. तासाला असं पाच ते पंधरा वेळा झालं तर आजार सौम्य, तीसच्या पुढे गेलं तर तीव्र. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ साली भारतातले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की देशात कामाच्या वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा त्रास असावा. त्यात बायका हमखास निसटतात. पाळी गेल्यावर त्यांचा धोका वाढतो; पण त्या ‘घोरते’ असं सांगत नाहीत, ‘झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, थकवा आहे’ असं सांगतात, आणि त्यांना झोपेच्या तपासणीऐवजी लोहाच्या गोळ्या मिळतात.

उपचार आहे तो सीपॅप मशीनचा. नाकावर मास्क बसवून हलक्या दाबाने हवा सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. हा उपचार खरोखर काम करतो. पण कित्येक मशीनं काही आठवड्यांत कपाटात जातात, आणि त्यामागे एक साधीशी दिसणारी गोष्ट वारंवार असते: झोपेत तोंड उघडतं, हवा नाकातून शिरते आणि तोंडातून निघून जाते. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, घसा वाळवंट.

तोंड उघडं राहतं त्याचं करायचं काय, यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या मी एका आत्याच्या आणि तिच्या छातीरोगतज्ज्ञ भाच्याच्या तोंडी दिल्या आहेत. माणसं मी उभी केलेली आहेत. त्यांच्या बोलण्यातली शास्त्राची बाजू खरी आहे.

आत्या: हे मशीन तू घेऊन जा, बाळ. मी काही महिने लावलं. झोप बरी लागते, डोकंही दुखत नाही, खोटं कशाला बोलू? पण सकाळी खर्ज लावायला बसते तेव्हा आवाज फाटतो. मंद्र पंचमाच्या खाली काही उतरतच नाही. चाळीस वर्षं जे कधी झालं नाही ते आता होतंय. झोप मिळाली पण गाणं गेलं, तर मी त्या झोपेचं काय करू?

भाचा: आत्या, मशीनच्या मेमरी कार्डावर मला दिसतंय काय झालंय ते. नुसता नाकाचा मास्क होता तेव्हा पहिले दोन तास सगळं ठीक असायचं. मग गळतीची रेघ वर चढायची आणि पहाटेपर्यंत खाली यायचीच नाही. मास्क कडेने गळत असता तर तुझे डोळे चुरचुरले असते. तुझं तोंड उघडतंय.

आत्या: ते मला ठाऊक आहे. तुझे काका सांगतात ना. तोंड उघडं राहणं ही सवय आहे आणि सवय मोडता येते. आमच्याकडे मुलगी शिकायला आली की पहिले सहा महिने आम्ही दुसरं काय करतो? मानेची सवय मोडतो, जबड्याची मोडतो, खांदे उचलून श्वास घेण्याची मोडतो. रात्री ओठांवर पट्टी लावायची. हल्ली सगळे लावतात, माझ्या शिष्येनं फोनवर दाखवलं. पंधरा दिवसांत तोंड शिकेल मिटायला.

भाचा: तोंड मिटा आणि जीव वाचवा, हे सांगणारं पुस्तक जॉर्ज कॅटलिन नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १८६०च्या दशकातच लिहिलं होतं. कल्पना नवी नाही आणि सगळीच चुकीचीही नाही. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं. तोंडाला हे तितकं जमत नाही. पण जागेपणी मोडलेली सवय झोपेत पाळायला तिथे कोण असतं? गाढ झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, जबड्याचा ताण आपोआप जातो. तू उताणी झोपतेस, जबडा खाली येतो आणि मागेही सरकतो. त्याला शिस्त लावायला तू तिथे नसतेस.

आत्या: मग पट्टी असते की.

भाचा: पट्टी असते. आणि लाइट गेली की?

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण उन्हाळ्यातल्या ग्वाल्हेरमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, रात्रीही घरोघरी कूलर चालतात, आंधी आली की तारा तुटतात. नाकावरच्या मास्कमध्ये हवा बाहेर जायला बारीक छिद्रं असतात, पण मशीन बंद पडल्यावर त्या छिद्रांतून पुरेशी ताजी हवा येईल असा भरवसा नाही. झोपलेला माणूस अशा वेळी आपसूक तोंडाने श्वास घेतो आणि बहुधा जागा होतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वीज गेली की उघडणारी सुरक्षेची झडप असते. फक्त नाकाच्या मास्कमध्ये ती झडप म्हणजे माणसाचं स्वतःचं तोंड. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात एक दिंडी असते, मुख्य दार बंद असताना आत-बाहेर करायला. तोंड ही श्वासाची दिंडी आहे. तिला कुलूप घालण्याआधी मोठा दरवाजा नक्की उघडतो ना, हे पाहिलं पाहिजे.

आत्या: इन्व्हर्टर आहे घरात.

भाचा: इन्व्हर्टर असू दे. उलटी झाली तर? सर्दी होऊन दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या तर? २०२५ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी तोंडाला पट्टी लावण्यावरचे दहा अभ्यास एकत्र तपासले. सगळे मिळून माणसं २१३. थोड्यांना थोडा फायदा दिसला, पण नाक बंद असणाऱ्याला गुदमरण्याचा धोका आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि अशा अभ्यासांत बरेचदा नाक चोंदलेली माणसं आधीच बाहेर ठेवलेली असतात. म्हणजे ज्यांना पट्टीची गरज सगळ्यात जास्त वाटते, त्यांच्यावर ती तपासलेलीच नाही.

आत्या: थोड्यांना फायदा दिसला म्हणालास.

भाचा: हो. तैवानमध्ये २०२२ साली वीस जणांवर करून पाहिलं होतं. आजार सौम्य, तोंडाने श्वास घेणारी माणसं. त्यांचं श्वास अडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मी ते नाकारत नाही. पण तुझा आजार सौम्य नाही, तासाला तीसच्या वर आहे. आणि २०२४ साली अमेरिकेत एक गोष्ट दिसली, ती तुला सांगतो. त्यांनी रुग्णांना औषधाने झोपवून त्यांचे जबडे हाताने मिटवले आणि हवेचा प्रवाह मोजला. बहुतेकांचा सुधारला. पण जे मुख्यतः तोंडानेच श्वास घेत होते त्यांचा कमी झाला. त्यांची वरची वाट, पडजिभेच्या मागची, आधीच अडलेली होती. तोंड हीच त्यांची चालू वाट होती.

आत्या: म्हणजे तुझं म्हणणं, तोंड उगाच उघडत नाही.

भाचा: कधी उगाच उघडतं, कधी कारणाने. कोणतं, ते पट्टी सांगत नाही. पट्टी फक्त ते दिसेनासं करते.

आत्या: आणि तू जो तो मोठा मास्क दिलास तो काय करतो? नाक, तोंड, हनुवटी सगळं झाकतो. गळती दिसेनाशी झाली, म्हणून तू खूश. मला त्यात जीव कोंडल्यासारखं होतं. कूस बदलली की फुर्र करतो. आणि दाब वाढवलास तो वेगळाच. आधी दहा होता, आता चौदा.

आत्या बरोबर बोलते आहे आणि तिला स्वतःलाही माहीत नाही इतकी बरोबर बोलते आहे. तोंड उघडणाऱ्या रुग्णाला मोठा मास्क देणं ही सर्रास चाललेली पद्धत आहे. विक्रेता देतो, तंत्रज्ञ देतो, डॉक्टरही घाईत लिहून देतो. काही रुग्णांना तो खरोखर लागतो. पण अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला सरासरीने जास्त दाब लागतो, श्वासाचे अडथळे थोडे जास्त उरतात आणि लोक तो कमी तास लावतात. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, आणि ते समजायला गायिकेइतका चांगला विद्यार्थी नाही.

भाचा: आत्या, ओठ उघडे ठेव आणि ‘ङ’ म्हण. नुसता लांब ‘ङ’. वाङ्मयातला.

आत्या: ङ...

भाचा: आता म्हणता म्हणता नाक चिमटीत धर.

आत्या: बंदच झाला!

भाचा: ओठ तर उघडे होते. मग हवा तोंडातून का नाही निघाली?

आत्या: जीभ मागे वर चढते ना. पडजीभ तिच्यावर टेकते. तोंड मागून बंद होतं.

भाचा: नाकाचा मास्क नीट चालतो तेव्हा रात्रभर नेमकं हेच घडतं. नाकातून आलेली हवा पडजिभेला पुढे ढकलते, ती जिभेवर टेकते, तोंडाची वाट मागून मिटते. ओठ किंचित उघडे असले तरी बिघडत नाही. काका सांगतात ‘तोंड उघडं होतं’, ते ओठ पाहून. खरा प्रश्न मागचा जोड सुटतो का, हा आहे. आता मोठ्या मास्कमध्ये काय होतं बघ. हवा नाकातूनही येते आणि तोंडातूनही. दोन्हीकडून सारखाच दाब. मग पडजिभेला पुढे कोण ढकलणार? शिवाय मास्कचा पट्टा हनुवटीला मागे ओढतो आणि जबड्याबरोबर जीभही मागे येते. म्हणून दाब वाढवावा लागतो.

आत्या: हे तुला आधीपासून माहीत होतं?

भाचा: माहीत होतं. पण गळतीचा आकडा ताबडतोब खाली आणायचा सगळ्यात सोपा रस्ता तोच असतो.

आत्या: सोपा कोणाला?

भाचा: मला.

सीपॅपची गोष्टच नाकापासून सुरू झाली. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी पाच रुग्णांवरचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा हवा नाकातूनच दिली होती. पुढे त्याच सिडनीच्या गटाने १९९६ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: तोंडातून गळती होत राहिली की नाकातून एकाच दिशेने, आत, थंड कोरडी हवा वाहत राहते, उलट्या श्वासाबरोबर परत मिळणारा ओलावा नाकाला मिळत नाही, आतलं अस्तर सुजतं आणि नाकाचा अडथळा वाढतो. म्हणजे नाक थोडं बंद, म्हणून तोंड उघडलं. तोंड उघडलं म्हणून नाक आणखी बंद. पहाटेपर्यंत हे चक्र फिरत राहतं. आत्याच्या कार्डावरची रेघ दोन तासांनंतर चढायची आणि उतरत नसे, त्याचं कारण बहुधा हेच. हवा गरम आणि ओली करून दिली तर हा अडथळा बराच कमी होतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

म्हणून माझं मत ठाम आहे. झोपेत तोंड उघडणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी नाक बघावं.

भाचा: तुझं नाक शेवटचं कोणी तपासलं?

आत्या: नाकाला काय झालंय? थोडं चोंदतं, ते सगळ्यांचंच चोंदतं. कधी डावं, कधी उजवं. ते तर असायचंच. आमच्याकडे चंद्रस्वर, सूर्यस्वर म्हणतात.

भाचा: बरोबर, नाकपुड्या आळीपाळीने भरतात, काही तासांनी बाजू बदलतात. निरोगी माणसाच्या हे लक्षातही येत नाही. पण मधला पडदा वाकडा असेल, तर ज्या वेळी मोकळी बाजू भरायची पाळी येते, त्या वेळी दोन्ही बंद होतात. आडवं झाल्यावर सूज आणखी वाढते. आणि रात्री कूलरसमोर झोपतेस तू.

आत्या: कूलरशिवाय इथे मे-जूनमध्ये कोण झोपतं?

भाचा: झोप, पण त्याचं गवत दरवर्षी बदल, पाणी साचू देऊ नकोस, तोंडावर झोत घेऊ नकोस. बुरशी आणि धूळ दोन्ही तिथूनच येतात. नाकात काही घालतेस?

आत्या: थेंब. मोकळं करणारे. रोज रात्री. त्याशिवाय मास्क लागतच नाही.

भाचा: किती दिवस?

आत्या: मशीन आलं तेव्हापासून.

भाचा: ते आजपासून बंद करण्याच्या मार्गाला लागायचं. तीन-पाच दिवसांपलीकडे ते थेंब घातले की त्यांचा असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब. त्याऐवजी स्टिरॉइडचा फवारा असतो. तो त्याच रात्री काम करत नाही, काही दिवस ते दोन आठवडे लागतात. मारायचा तोही नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडे, मधल्या पडद्यावर नाही. पण आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू.

आत्या: आणि ते म्हणतील ऑपरेशन करा.

भाचा: म्हणतीलही. पडद्याच्या ऑपरेशनने तुझा ॲप्निया जाणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. पण नाक मोकळं झालं की दाब कमी लागू शकतो आणि नाकाचा मास्क सुखाने बसतो. तेवढ्यासाठी करायचं की नाही, ते तू ठरव. जलनेती करतेस ना?

आत्या: लहानपणापासून.

भाचा: ती चालू ठेव. फक्त पाणी उकळून गार केलेलं, नळाचं थेट नाही. आमच्या औषधाआधी नाक धुतलं तर औषध चांगलं लागतं.

आत्या: बघ, आमचं काहीतरी तुझ्या उपयोगाचं निघालं. आता माझं ऐक. तू सांगितलंस की झोपेत शिस्त लावायला कोणी नसतं. मग जिभेला ताकद आली तर? शिस्त नको, ताकद. पैलवान झोपला म्हणून त्याचा दंड लहान होत नाही.

आत्याच्या या मुद्द्याला भाच्याने घाईत उत्तर देऊ नये, कारण इथे पुरावा आहे. ब्राझीलमध्ये २००९ साली मध्यम आजाराच्या रुग्णांना तीन महिने जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम दिले, तेव्हा श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे बावीसवरून चौदाच्या आसपास उतरलं. इंग्लंडमधल्या एक्सेटरला एका गायन शिक्षिकेने घोरणाऱ्यांसाठी गाण्याचे धडेच तयार केले; २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १२७ जण होते, आणि तीन महिन्यांच्या रोजच्या सरावानंतर घोरणं आणि दिवसाचा झोपाळूपणा कमी झाला. आणि ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या जयपुरात ३० रुग्णांपैकी काहींना सहा महिने शंख फुंकायला लावला. २०२५ साली आलेल्या त्या अहवालात शंख फुंकणाऱ्यांचा दिवसाचा झोपाळूपणा ३४ टक्क्यांनी कमी झाला आणि तासाला श्वास अडण्याच्या घटना चार-पाचने घटल्या.

भाचा: चार-पाचने. तुझ्या तीसमधून चार-पाच गेले तरी पंचवीस उरतात, आत्या. शंख फुंक, मनापासून सांगतो. पण मशीनच्या जागी नाही.

आत्या: जागी कोण म्हणतंय? मी म्हणते, मशीन चालावं म्हणून. जीभ वर राहिली, पडजीभ बळकट राहिली, तर तुझा तो ‘ङ’ सुटायला जरा उशीर लागेल की नाही?

भाचा: ...लागू शकेल. मशीनबरोबर व्यायाम केल्यावर गळती किती घटते, हे मला आकड्यात सांगता येणार नाही. पण तुझा तर्क चुकीचा नाही.

आत्या: आणि तो दाब. चौदा. श्वासावर जबरदस्ती केली की काय होतं हे या गावाला शिकवू नकोस. इथल्या दरबारी गवयाची, हस्सू खाँसाहेबांची कथा ऐकली आहेस ना? प्रतिस्पर्धी बडे महंमद खाँ दरबारात होते, त्यांनी कडक बिजलीची तान हस्सू खाँना पुन्हा घ्यायला लावली, एका श्वासात, आणि बरगडी गेली.

भाचा: आख्यायिका आहे ती.

आत्या: आख्यायिका असेल. पण गावाने ती दीडशे वर्षं जपली, त्याला काहीतरी अर्थ आहे.

भाचा: मशीनचा दाब त्या मानाने अगदीच हलका असतो. चौदा म्हणजे चौदा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब, एवढंच. मशीनची मर्यादाच वीस. बरगडीचं काही होणार नाही. पण एक कबूल करतो: दाब गरजेपेक्षा जास्त असला तर तोच तोंड फोडून बाहेर पडतो. आणि आपोआप दाब बदलणारं मशीन मोठ्या गळतीत गोंधळू शकतं. श्वास नीट ओळखता येत नाही. म्हणून नाकाच्या मास्कवर परत जाऊ आणि दाब पुन्हा तपासू. श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोय आहे, तीही चालू करू.

आत्या: हे आधी करता आलं असतं.

भाचा: आलं असतं. आता ओलाव्याचं बोलू. ह्युमिडिफायर कितीवर आहे?

आत्या: बंद आहे. जानेवारीत नळीत पाणी साठून गुडगुड करायचं, नाकात थेंब उडायचे. तुझे काका म्हणाले काढून टाक.

ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे कळणार नाही. धुकं दुपारपर्यंत हटत नाही, खोल्या दगडाच्या, रात्री रजईबाहेर नाक काढवत नाही. मशीनमधली ओली गरम हवा थंड नळीत आली की तिचं पाणी होतं. उपाय साधे आहेत: नळी रजईच्या आतून घ्यायची, तिला कापडी आवरण घालायचं, मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवायचं, परवडत असेल तर तापणारी नळी घ्यायची. ओलावा बंद करणं हा उपाय नव्हे. उन्हाळ्यात लू चालते तेव्हा तर तो हवाच हवा. पाणी डिस्टिल्ड वापरावं आणि डबा रोज रिकामा करून वाळवावा. एवढ्या बारीक गोष्टींवर एखाद्याचा उपचार टिकतो किंवा सुटतो. त्या सांगायला कोणी नसतं, याचं मला वाईट वाटतं.

भाचा: आणखी एक विचारतो, रागावू नकोस. रात्री कवळी काढून झोपतेस?

आत्या: ...खालची. डेंटिस्टनीच सांगितलंय, रात्री हिरड्यांना मोकळं ठेवा.

भाचा: त्यांचं बरोबर आहे. पण कवळी काढली की ओठांचा आणि जबड्याचा आधार जातो, मास्कही वेगळा बसतो. मास्क बसवून बघितला तेव्हा कवळी घातली होतीस?

आत्या: होती. दुकानातून माणूस आला होता दुपारी.

भाचा: मग तो मास्क रात्रीच्या चेहऱ्यावर कधी बसवलाच नाही. पुन्हा मापून घेऊ, कवळी काढून, आडवं झोपवून, मशीन चालू ठेवून.

आत्या: आणि हनुवटीला पट्टा बांधतात तो?

भाचा: काहींना लाभतो. पण नुसता पट्टा ॲप्नियाचा उपचार नाही, आणि मागे ओढणारा असला तर जबडा मागेच नेतो. नाकाचं काम झाल्यावर बघू. तोपर्यंत कुशीवर झोप. उताणी झालीस की पाठीशी उशी असू दे. डोक्याकडची बाजू थोडी उंच कर.

आत्या: म्हणजे नाकवाले डॉक्टर, फवारा, थेंब बंद, नाकाचा मास्क, कमी दाब, ओलावा चालू, कूस. हे सगळं एकदम?

भाचा: एकदम नाही. एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. नाक आणि ओलावा आधी. दोन आठवडे. मग मास्क आणि दाब. या मधल्या काळात मशीन एकाही रात्री बंद नको. मोठा मास्क नको वाटला तरी नको म्हणू नकोस.

आत्या: आणि माझा खर्ज?

भाचा: तो तू लिहून ठेव. रोज सकाळी, आवाज कुठल्या सुरापर्यंत उतरला. मी कार्डावरची गळती बघेन. दोन्ही शेजारी ठेवू.

आत्या: तुझी रेघ सुधारली आणि माझा आवाज नाही सुधारला तर?

भाचा: तर माझी रेघ अपुरी आहे असं मानू. कोरड्या घशाला दुसरी कारणं असतात. गोळ्यांनी तोंड सुकतं, पित्त वर येतं. ॲप्निया असणाऱ्यांना रात्री पित्त वर येण्याचा त्रास पुष्कळदा असतो आणि त्यानेही सकाळचा आवाज बसतो. स्वरयंत्र दुर्बिणीतून बघून घेऊ.

आत्या: हे बघणारे डॉक्टर गाणाऱ्याचा गळा ओळखणारे हवेत. नाहीतर ‘वय झालं’ म्हणतील.

भाचा: तुझ्याबरोबर मी येतो.

आत्या: ये. पण ओठांवरच्या पट्टीचा विषय मी सोडलेला नाही. नाक मोकळं आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर?

भाचा: लिहून दिलं, आणि नाकाच्या मास्कवर गळती तरीही राहिली, तर आपण दिवसा, जागेपणी, मी समोर बसलेलो असताना तासभर लावून बघू. ओठांच्या मधोमध लहानशी, दोन्ही कडांनी वाट मोकळी राहील अशी. रात्री लावायची की नाही, ते त्यानंतर.

आत्या: आणि पावसात सर्दी झाली की?

भाचा: त्या रात्री पट्टी नाहीच. त्यावर मी अजिबात ऐकणार नाही.

आत्या: ठीक आहे. शंख मात्र उद्यापासून. तुझ्या काकांना सांगून ठेवते, पहाटे साडेपाचला दचकू नका म्हणून.